नुसत्या आवाजावर तामिली होत नाही

सखुबाई लग्न होऊन बडा गणपतीच्या गल्लीत आल्या, त्याला जेमतेम सव्वा महिना झाला होता. नव्या सुनेने बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, असे ते दिवस. त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि बाहेर ओसरीवर सासरे, मालोजी पाटोळे, आपल्या मुलाला फैलावर घेत होते. मुलगा म्हणजे सखुबाईंचे नवरे, तुकोजी. कोर्टात नुकतेच लागले होते. कोर्टाचा कागद ज्याचा त्याच्या हातात नेऊन द्यायचा, ही नोकरी. त्याला तामिली म्हणतात.

"तिकीट दाखव," मालोजी म्हणाले.

"कसलं तिकीट, आबा?"

"मानपूरच्या बसचं. कागदावर लिहिलंयस ना, मानपूरला गेलो, हाक मारली, माणसाने कागद घेतला नाही म्हणून दारावर चिकटवला. गेलास तर तिकीट असेल. दाखव."

तुकोजींनी उगाच खिसा चाचपला.

"दोन पंचांच्या सह्या आहेत खाली. कोण हे?"

"एक चहावाला आहे. कोर्टाबाहेरचा."

"आणि दुसरा?"

"त्याचा मेव्हणा."

सखुबाईंना तव्यावरची भाकरी उलटायची होती. पण उलटली तर बांगड्या वाजणार, आणि बांगड्या वाजल्या की बाहेरचं बोलणं थांबणार. त्यांनी भाकरी करपू दिली.

"तो मानपूरचा पंक्चरवाला आज कोर्टाच्या आवारात डोकं आपटत होता," मालोजींचा आवाज चढला. "दुकान गेलं, दुकानामागची खोली गेली. एकतर्फी निकाल! आपल्यावर दावा लागलाय हेच त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. होळकरांच्या राज्यात मी परवाने पोचवले, नर्मदेपर्यंत पायी गेलो. आणि तू चहाच्या टपरीवर बसून मानपूर करून आलास?"

"सगळेच तसं करतात, आबा. एकेका दिवशी वीस-वीस कागद असतात."

"सगळ्यांनी तोंड काळं केलं की तुझं गोरं दिसतं काय रे?"

त्या रात्री सगळ्यांनी करपलेली भाकरी खाल्ली आणि कोणी सुनेला बोल लावला नाही. सकाळी तुकोजी पहिल्या बसने मानपूरला गेले. संध्याकाळी परत आले आणि जायचं-यायचं अशी दोन तिकिटं बापाच्या पुढ्यात ठेवली. तिथे काय पाहिलं, कोणाला भेटले, हे त्यांनी बापालाही सांगितलं नाही आणि बायकोलाही नाही.

पण त्या दिवसापासून त्यांचा जगावरचा भरवसा उठला, आणि त्यात पहिला नंबर स्वतःचा. आपण दारापर्यंत गेलो होतो हे उद्या आपल्यालाच खरं वाटलं नाही तर? म्हणून ते कागदाच्या पाठीवर काय काय लिहीत. 'दाराला निळा रंग. कडी पितळेची. उंबऱ्यावर मांजर, गाभण.' कोर्टात कागद वाटून देणारे नाझरसाहेब कपाळाला हात लावत.

"पाटोळे, यात मांजरीचं काय काम?"

"साहेब, उद्या कोणी म्हणालं मी गेलोच नाही, तर मांजर आहे साक्षीला."

तुकोजींचे कायदे सरकारी कायद्याहून कडक. दावा लावणाऱ्याचा माणूस घर दाखवायला बरोबर येतो, तो बाकी सगळ्या तामिलीवाल्यांना स्कूटरवर बसवून नेतो. तुकोजी आपल्या सायकलवर. त्या माणसाने लांबून घराकडे बोट दाखवायचं आणि तिथेच थांबायचं. चहा कोणाचा नाही, पाणी कोणाचं नाही. सायकलच्या दांड्याला फौजी बाटली बांधलेली असे, तिचं झाकण फिरवून स्वतःचं पाणी प्यायचं. दारात उभं राहून नाव तीनदा पुकारायचं. समोर आलेला माणूस तोच आहे हे शेजाऱ्याकडून वदवून घ्यायचं. मग सगळा कागद मोठ्याने वाचायचा. आणि सल्ला कोणालाही द्यायचा नाही, कोणी पाय धरले तरी.

हे बाहेरचं झालं. घरातही तेच. लग्नाची पत्रिका आली तर "कोणी आणली? तुझ्याच हातात दिली ना? नाव विचारलंस?" कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हटलं तर "तू मोजल्यास, की तीन झाल्यासारख्या वाटल्या?" मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा नवरा मुलगा हाच का हे त्यांनी मुलाच्या शेजाऱ्यांना जाऊन विचारलं. तीन वेगवेगळ्या दिवशी. सोयरिक मोडता मोडता राहिली. सखुबाई म्हणायच्या, माझा नवरा देवळात गेला तर गणपतीलाही विचारेल, तुम्हीच ना ते, आणि पुजाऱ्याची सही घेईल.

कागद पोचला, की मग मात्र त्या कागदाची गोष्ट ते जेवताना सांगत. न पोचलेल्या कागदाबद्दल घरात चकार शब्द नाही, हाही त्यांचा एक कायदा. तीस वर्षं ऐकून ऐकून सखुबाईंना कोर्ट असं पाठ झालं होतं की चौथीत शाळा सुटलेली बाई आहे हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

मग शहरातले मिलचे भोंगे एकेक करून बंद पडायला लागले.

पोलोग्राउंडच्या मागे एका शेटची चाळ होती. चौदा खोल्या, सगळ्या मिलवाल्यांच्या. मिल चालू होती तोवर शेटला भाडं पोचत होतं आणि शेट गप्प होता. मिलला टाळं लागलं, तिकडे जमिनीला भाव आला, जिकडे तिकडे दुकानांचे कॉम्प्लेक्स उठायला लागले, आणि शेटला एकाएकी आठवलं की ही जागा आपल्याला स्वतःसाठी हवी आहे. चौदाही खोल्यांवर दावे लागले, खोली खाली करा म्हणून.

आता या चाळीतली माणसं मिलमध्ये एकदा पोळलेली. मिल बंद व्हायच्या आधी ऑफिसातून एक कागद फिरला होता, बाकी पगाराचा कागद आहे म्हणून. सगळ्यांनी सह्या केल्या, कोणी अंगठे उठवले. तो निघाला स्वखुशीने नोकरी सोडल्याचा. तेव्हापासून चाळीने नळावर उभं राहून ठरवलं होतं, यापुढे कसल्याही कागदाला हात लावायचा नाही. हात लावला नाही म्हणजे केस लागली नाही. हे त्यांना इतकं पटलं होतं, की दोन खोल्या एकतर्फी निकालाने हातच्या गेल्या तरी कोणाला अक्कल आली नाही. उलट नळावर बोलणं झालं, "त्यांनी गुपचूप पैसे खाल्ले असतील शेटकडून. नाहीतर असं कसं होईल?"

कायदा मात्र उलटा होता. माणसाने समोर येऊन कागद नाकारला, किंवा फेऱ्या मारूनही दार उघडलं नाही, की कोर्टाचा माणूस तो दारावर चिकटवतो. दोन पंचांच्या सह्या होतात. कागद मिळाला असंच मग कोर्ट धरून चालतं. तारखेला तुम्ही हजर नाही, तर तुमच्या पाठीमागे निकाल. शेटच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक होतं. चाळीला ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा संशय कागदावर, आणि शेटचं काम त्या संशयावरच चाललेलं.

खोली नंबर सहाचा कागद तुकोजींकडे आला होता. सखुबाईंना हे अर्थातच माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते वेगळंच.

"वहिनी, भाऊजी बरे आहेत ना?" गल्लीतली प्रेमलता एके दिवशी दारात येऊन म्हणाली. तिच्या भावाचं वर्कशॉप पोलोग्राउंडला, ती तिकडे डबा घेऊन जायची.

"बरे आहेत. का गं?"

"नाही, सहज. काल दिसले तिकडे चाळीत. रविवारी पण दिसले. त्या सहा नंबरच्या खोलीसमोर उभे होते. एकटीच राहते हो ती उषा. नवरा सुरतेला गेलाय, कापडाच्या मागावर कामाला."

"कोर्टाचं काम असेल."

"हौ, कोर्टाचंच असेल," प्रेमलता पदर सावरत म्हणाली. "आजकाल रविवारी पण कोर्ट भरत असेल, आपल्याला काय कळतं!"

ती गेली आणि सखुबाईंच्या डोक्यात किडा सोडून गेली. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघा दुखतो म्हणून रात्री तेल चोळून घेणारा. पण त्याच आठवड्यात त्याने सायकलला नवी घंटी बसवली होती. तीस वर्षं जुन्या घंटीवर काढली आणि आत्ताच नवी? बायकोला संशय यायला एवढं पुष्कळ असतं. त्यांनी शर्टाचे खिसे पाहिले. एक कंगवा निघाला. कंगवा आधीपासून होता की नाही हे काही केल्या आठवेना.

"आज कुठे जाणार?" त्यांनी गुरुवारी पोहे वाढताना विचारलं.

"कामावर."

"ते कळलं. कुठल्या बाजूला?"

"कोर्टाचं काम घरात सांगत नसतात, सखू." आणि ताट बाजूला सारून ते उठले. जाताना घंटी वाजवून पाहिली. दोनदा.

सखुबाईंनी भाजीची पिशवी घेतली, मुख्य रस्त्यावर जाऊन टेम्पो धरला आणि पोलोग्राउंडला उतरल्या. चाळीच्या कोपऱ्यावर एक बंद गिरणी होती, पिठाची. तिच्या ओट्यामागे उभं राहिलं की सहा नंबरचं दार नीट दिसत होतं.

सायकल भिंतीला टेकवलेली. तुकोजी दारासमोर, दारापासून चार हात लांब, हातात कागद, पायाला पाय जुळवून. लांबवर शेटचा मुनीम शाम स्कूटरला टेकून गुटख्याची पुडी फाडत होता. त्याच्या बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात कागद चिकटवायच्या खळीचा डबा.

"उषाबाई पांडुरंग खेडेकर! हाजिर आहेत का?" तुकोजींनी हाक दिली. एकदा, दोनदा, तीनदा.

आतून एका बाईचा आवाज आला, "घरात कोणी नाही!"

तुकोजींनी जरा विचार केला. "मग हे बोललं कोण?"

आत एक भांडं पडलं. मग, "शेजारीण."

"शेजारणीने दार उघडावं."

"शेजारीण गेली."

सखुबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. शाम मुनीम पुढे आला. "लिख दो ना पाटोळेजी, इन्कार. सुना ना आपने? मना कर रही है."

"आवाज ऐकला. माणूस दिसलं नाही."

"अरे भिया, घरात दुसरं कोण असणार? तीच आहे."

"असेल. नुसत्या आवाजावर तामिली होत नाही."

"चौथी चक्कर आहे ही तुमची! किती दिवस चालवणार?"

"आजचाच दिवस. पाचच्या आत कागद जमा करायचा आहे. मी तीन वाजेपर्यंत समोर बसतो. तोवर दार उघडलं नाही, तर कायद्याने चिकटवावाच लागेल." एवढं बोलून तुकोजी पलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले, बाटलीचं झाकण फिरवलं आणि आपलं पाणी प्याले.

सखुबाईंच्या जिवात जीव आला. जिचं तोंडसुद्धा यांनी चार फेऱ्यांत पाहिलेलं नाही, तिच्यावरून आपण दोन रात्री कूस बदलत काढल्या! त्या निघणारच होत्या, तेवढ्यात मुनीम आपल्या माणसांना घेऊन गिरणीच्या ओट्यावरच येऊन बसला. सखुबाई मागे, हे पुढे. हलायची सोय राहिली नाही.

"तीन बजे चिपकाएगा," मुनीम सांगत होता. "तुम्ही दोघं पंच म्हणून सही करा. पाटोळे सायकलवर बसून वळला, की कागद काढून माझ्या खिशात. बाईने वाचायला नको. तारीख बारा दिवसांवर आहे. तेरावे दिन खोली अपनी."

"आणि तिने मधेच दार उघडलं तर, भिया?"

मुनीम हसला. "नाही उघडत ती. देवाच्या कृपेने सगळी चाळ हुशार आहे."

सखुबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा वाटलं, जाऊन नवऱ्याला सांगावं. पण नवरा काय म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं. 'तू पाहिलंस का? नुसतं ऐकलंस?' आणि समजा पटलं, तरी दारात जाऊन ते बाईला समजावणार नाहीत. सल्ला द्यायचा नाही म्हणजे नाही. पण हे सगळे कायदे त्यांच्यापुरते होते. सखुबाई काही सरकारी नोकर नव्हत्या.

ते तिघं पानाच्या ठेल्याकडे गेले तशा त्या चाळीच्या मागून फिरून नळावर आल्या. सहा नंबरच्या मागच्या दाराशी एक चाळिशीची, हाडकुळी बाई भांडी घासत होती. आवाज न करता भांडी घासायची कसरत चालली होती, त्यावरून सखुबाईंनी ओळखलं, हीच.

"पाणी मिळेल का गं, बाई?"

"कोण तुम्ही?" उषाने वर न बघता विचारलं.

"अशीच. जात होते इथून."

"इथून कोणी असंच जात नाही. शेटने पाठवलं तुम्हाला?"

"नाही गं. पुढे झाडाखाली सायकलवाला बसलाय ना, त्याची बायको मी."

उषाने हातातला तांब्या खाली ठेवला. "मग तर पाणीपण नाही देणार."

"नको देऊ. तो तरी कुठे कोणाचं पितो." सखुबाई धुण्याच्या दगडावर टेकल्या. "दार का नाही उघडत?"

"उघडलं की तो कागद हातात देणार. हात लावला की केस लागली."

"केस लागलीच आहे, बाई. कागदात फक्त तारीख आहे, कधी यायचं त्याची. तू नाही घेतलास तर तीन वाजता दारावर चिकटवतील, आणि तू घेतलास असंच लिहिलं जाईल."

"सगळे असंच सांगतात. गोड बोलून." उषा उठली. "आमच्या ह्यांनी सही केली मिलमध्ये, आता सुरतेला आठ जणांत एका खोलीत झोपतात. ही खोली माझ्या आईच्या नावावर होती, रीलिंग खात्यात होती आई. आता माझ्या नावावर आहे. ही गेली तर मी कुठे जाऊ? तुमच्या घरी?"

या बाईला विश्वास ठेव म्हणण्यात अर्थ नव्हता. विश्वास म्हटलं की ती आणखी दार लावणार. घरात तीस वर्षं एक संशयी माणूस सांभाळला होता, तेव्हा एवढं त्यांना कळत होतं.

"मिलमध्ये सही घेतली, तेव्हा कोण आलं होतं गं तुमच्याकडे?"

"बडे बाबू. घरी आले होते, मिठाईचा डबा घेऊन. भाभी, समझाओ पांडुरंग को, म्हणे."

"हात जोडले होते?"

"चांगले जोडले होते. चहापण प्याले."

"मग आता जा, आणि पुढच्या दाराच्या फटीतून बघ. तो मुनीम हात जोडतोय का? मिठाई आणलीय का? चार दिवसांत एकदा तरी म्हणाला का, उषाबाई, दार उघडा, कागद घ्या?"

उषाने मान वळवून पुढच्या दाराकडे पाहिलं.

"खळीचा डबा घेऊन आलाय तो. त्याला तुझं दार बंदच हवंय. तू आत बसावीस म्हणून देवाचे आभार मानतोय, मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि माझा नवरा चार दिवस उन्हात उभा आहे, तू उघडावंस म्हणून. आता संशय कोणावर घ्यायचा ते तूच ठरव. माझ्या नवऱ्यावर घ्यायचा तर खुशाल घे. मी तरी दुसऱ्या कशाला आलेय इथे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आज कळलं की तू चार दिवसांत त्याला तोंडपण दाखवलं नाहीस. फार उपकार झाले."

उषाच्या तोंडावर पहिल्यांदा जरासं हसू आलं, पण तिने ते लगेच पुसून टाकलं. ती आत गेली. फटीला डोळा लावून किती वेळ उभी राहिली कोण जाणे. बाहेर मुनीम घड्याळ बघत होता आणि गाणं गुणगुणत होता. मग कडी निघाल्याचा आवाज आला.

तीनला वीस मिनिटं होती. तुकोजी झाडाखालून उठले, शर्ट झटकला, दारासमोर आले. उषा चौकटीत उभी. तरी त्यांनी हाक दिली, "उषाबाई पांडुरंग खेडेकर! हाजिर आहेत का?" एकदा, दोनदा, तीनदा. मग चार नंबरच्या शंकररावांना बोलावलं. मिलचे जुने जॉबर, म्हणजे मुकादम, कानाने कमी. "ह्या उषाबाईच ना?" तीनदा विचारावं लागलं. "तिच्या बारशाचं जेवलोय मी!" शंकरराव ओरडले, तेव्हा तुकोजींचं समाधान झालं.

मुनीमाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "बाईजी, विचार करा हां," तो मधेच म्हणाला. "कागदावर सही करताय." आणि मग उषाने खरोखरच सही केली. पण सही करण्याआधी तिने तो कागद स्वतः वाचला, एकेका अक्षरावर बोट ठेवून, आणि तुकोजी तेवढा वेळ उन्हात ताठ उभे राहिले. मग त्यांनी स्वतः तो मोठ्याने वाचला. तारीख मात्र त्यांनी तीनदा वाचली, आणि कायद्याने तीनदा म्हणायचं असतं ते फक्त नाव, हे सखुबाईंना माहीत होतं.

"आता मी काय करू, भाऊ?" उषाने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," तुकोजी म्हणाले. मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली, जिथे भाजीची रिकामी पिशवी घेऊन त्यांची बायको उभी होती. ओळख दाखवली नाही. खिशातून पेन पुन्हा काढलं आणि कागदाच्या पाठीवर आणखी दोन ओळी लिहिल्या.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिले?"

"कोणी?"

"मुनीमाने. तुला कशासाठी पाठवलं होतं?"

सखुबाईंच्या हातातली पोळी तव्यावर पडली. "मला मुनीमाने पाठवलं? मी तुमच्यावर नजर ठेवायला आले होते!"

"माझ्यावर? का?"

"नवी घंटी कशाला लावलीत?"

तुकोजींनी हातातला घास ताटात ठेवला. "जुनी ऐकू येत नाही म्हणून," ते म्हणाले. मग त्यांना हसू फुटलं. तीस वर्षांत सखुबाईंनी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून ते म्हणाले, "पण तू आलीस हे मी लिहिलंय कागदावर."

आणि लिहिलं होतंच. मुनीमाने चाळीत चौकशी करून दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, पाटोळेची बायको बाईला फितवायला आली होती. नाझरसाहेबांनी कागद उलटून पाहिला. 'तामिलीच्या वेळी माझी बायको सखुबाई कोपऱ्यावर हजर होती. मी बोलावली नव्हती. हातात पिशवी, रिकामी.' तक्रार जज्जसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी तुकोजींना शपथेवर विचारलं, तुकोजींनी तेच सांगितलं, पिशवीसकट. मग जज्जसाहेबांनी शेटच्या वकिलाला विचारलं, "समन्स बाईला पोचावं असा तुमचा अर्ज होता ना? पोचलं. मग तुम्हाला दुःख कशाचं होतंय?"

वकिलाने फाईल बंद केली आणि तक्रार तिथेच मिटली. बाराव्या दिवशी उषा कोर्टात हजर राहिली, वकील करून. आईच्या वेळच्या भाड्याच्या सगळ्या पावत्या तिने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. तिचं बघून चाळीतल्या आणखी चार घरांनी दारं उघडली. बाकीची गेली. त्या जागेवर कॉम्प्लेक्सचे खांब उभे राहिले आणि अर्ध्यावर थांबले. दावा सात वर्षं चालला. उषा जिंकली. शेटने वर अपील केलं.

तुकोजींच्या नोकरीचा शेवटचा दिवस एप्रिलमध्ये आला. कोर्टात हारतुरे सकाळीच उरकले होते. नाझरसाहेब नवीन होते, ते म्हणाले, "पाटोळेजी, आज राहू द्या, घरी जा." पण टेबलावर एक कागद होता आणि त्यावर तुकोजींच्या भागाचं नाव होतं. त्यांनी तो घेतला.

सखुबाई त्या दुपारी सहा नंबरच्या दारात, उषाबरोबर साबुदाण्याच्या पापड्या घालत बसल्या होत्या. दोघींची आता चांगली ओळख होती, म्हणजे एकमेकींची पापडीची मापं एकमेकींना पटत नव्हती. बाजेवर प्लास्टिक पसरलेलं, हात कोपरापर्यंत बरबटलेले. सायकल येऊन भिंतीला टेकली.

"उषाबाई पांडुरंग खेडेकर! हाजिर आहेत का?"

"अहो भाऊजी, समोरच बसलेय की!"

"उषाबाई पांडुरंग खेडेकर! हाजिर आहेत का?"

"ते तीनदा म्हणणार," सखुबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तू पापडी घाल."

तिसरी हाक झाली. मग ओळख पटवायला माणूस हवा होता.

"मी सांगते ना, हीच उषा," सखुबाई म्हणाल्या.

"तू नातेवाईक. तुझं चालत नाही." आणि तुकोजी चार नंबरच्या दाराशी गेले. शंकररावांना आता उठवत नव्हतं. त्यांच्या सुनेने हात धरून त्यांना उंबऱ्यापर्यंत आणलं. "ह्या उषाबाईच ना?" चौथ्यांदा शंकररावांना ऐकू गेलं.

उषाने हात धुतले, पुसले. तुकोजी म्हणाले, "अजून ओले आहेत," म्हणून पुन्हा पुसले. त्यांनी कागद वाचला, वरच्या कोर्टात हजर राहायची तारीख वाचली, ती तीनदा. उषाने आपलं बोट फिरवत सगळं वाचून मग सही केली.

"आज शेवटचा दिवस ना? आज तरी चहा घ्या, भाऊजी."

"ड्यूटीवर आहे," तुकोजी म्हणाले. बाटलीचं झाकण फिरवून दोन घोट प्याले. मग कागद सायकलच्या सीटवर ठेवून पाठीवर लिहायला लागले. बाज, प्लास्टिक, पापड्या, सगळं उतरत होतं.

"मी पण आले का त्यात?" सखुबाईंनी विचारलं.

"हजर आहेस. लिहिणारच."

पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात अडकवलं, कागद पिशवीत ठेवला, चेन ओढून पाहिली की बंद आहे ना. कोपऱ्यावर वळताना एक म्हैस आडवी आली, तिला घंटी वाजवली, आणि ते कोर्टाच्या बाजूला निघाले. पाचच्या आत कागद जमा करायचा होता.